कोपऱ्यातला पाहुणा

चिपळूणच्या शैलजाताई खातूंना नवा फ्लॅट सजवून घ्यायचा होता. दोन ऑनलाइन कंपन्यांना नकार देऊन त्या तिसरीपाशी आल्या. तिथले मुख्य डिझायनर ऋत्विज सबनीस व्हिडिओ कॉलवरसुद्धा मान जराशी वर करूनच बोलत. त्यांनी संगणकावर काढलेलं घराचं चित्र दाखवलं. ताईंचे यजमान तर बघूनच खूश झाले.

"हॉलच्या या कोपऱ्यात काचेचं कपाट पक्कं बसवणार म्हणताय," ताई म्हणाल्या. "पण तिथे आमचा गणपती बसतो."

"किती दिवस?"

"पाच."

सबनीस मंद हसले. "मॅडम, पाच दिवसांसाठी वर्षभर कोपरा अडवायचा? याला डिझाइन नाही म्हणत."

यजमानांनीही मान डोलावली. ताई चित्राकडे बघत राहिल्या.

"ही आतली खोली कुणाची? पलंग छान आहे."

"गेस्ट रूम. पाहुण्यांसाठी राखीव. ती हवीच."

"कधी येणार हे पाहुणे?"

"ते कसं सांगता येईल?"

"म्हणजे जे येतील की नाही तेच ठाऊक नाही, त्यांना वर्षभर अख्खी खोली," ताई शांतपणे म्हणाल्या. "आणि ज्याच्या येण्याची तारीख कॅलेंडरात छापून येते, त्याला एक कोपरा नाही?"

सबनीसांची मान पहिल्यांदाच जराशी खाली आली.

"मूर्ती साधारण किती उंच असते, मॅडम?"

ताई यजमानांकडे वळल्या. "यांनाच काम देऊ. आधीच्या दोघांनी हे विचारलंच नाही."