दुसऱ्या जंगलाची गोष्ट

बालमित्रांनो, एका फार शांत जंगलात, बेहड्याच्या उंच झाडावर, एक म्हातारी वानरी राहत असे. शांत म्हणजे किती, तर तिथे बिबट्या आला तरी कोणी ओरडत नसे. पूर्वी असे नव्हते. वानरांनी झाडावरून पाहायचे, हरणांनी खालून हुंगायचे, आणि ज्याला आधी कळेल त्याने ओरडून सगळ्यांना सावध करायचे, अशी तिथली वाडवडिलांपासूनची रीत होती. मग बिबट्या राजा झाला. त्याच्या कारभारी कोल्ह्याने पाणवठ्यावर दवंडी दिली, "ओरडण्याने घबराट पसरते. जो ओरडेल त्याचे पाणी बंद!" वर तो गोड हसून म्हणाला, "तुमच्याच सुखाच्या झोपेसाठी हो!" मुलांनो, असले हुकूम नेहमी आपल्याच भल्यासाठी निघतात. प्राणी गप्प झाले. मग आज हा, उद्या तो, असे एकेक जण नाहीसे होऊ लागले. कोल्हा सांगे, "ते दुसऱ्या जंगलात राहायला गेले. तिथे चारा बरा आहे." सगळे माना डोलवत. मान डोलवणाऱ्याचे पाणी कोणी बंद करत नाही.

चितळाच्या एका पाडसाची आई अशीच 'दुसऱ्या जंगलात' गेली. ते पोरके पाडस रोज दुपारी वानरीच्या झाडाखाली येऊन बसे. रडे, तेही आवाज न करता. वानरी त्याच्यासाठी वरून कोवळी पाने टाकी. एके दिवशी त्याने विचारले, "आजी, दुसरं जंगल कसं असतं गं?"

वानरीच्या हातातले पान हातातच राहिले. खरे सांगावे, तर बोरीच्या जाळीआड कोल्हा कान टवकारून बसलेला. खोटे सांगायला जीभ रेटेना. शेवटी ती म्हणाली, "तिथे ना बाळा, सगळ्यांच्या गळ्यात गवताची गाठ असते. शेजारचा कोणी उचलून नेला, तरी कोणी हाक मारत नाही. म्हणतात, गेला असेल कुठेतरी."

कोल्हा खदखदून हसला. "सांग, म्हातारे, सांग! दुसऱ्या जंगलाला नावं ठेवायला आपल्याकडे मुळीच बंदी नाही!"

मग ती गोष्ट रोज रंगू लागली. ससे आले, मोर आले. ऐकून हळहळत आणि म्हणत, "बाई बाई! बरं झालं, आपण तिथे नाही." पाडस मात्र तसे म्हणत नसे.

"आजी, ती गाठ बांधतं कोण?"

"पहिल्यांदा राजा. नंतर ज्याची तोच बांधतो, रोज सकाळी."

"सुटत नाही?"

"कोणी ओढून पाहिलीच नाही रे, सोन्या."

एका दुपारी वानरीला फांदीवर डुलकी लागली. खाली बसलेल्या पाडसाला खोडावर ठिपके दिसले. आधी वाटले, ऊनसावली असेल. पण ते ठिपके वर चढत होते. सशांनी पाहिले आणि खाली मान घातली. मोरांनी पाहिले आणि दुसरीकडे पाहिले. पाडसाला उद्याचे कोल्ह्याचे बोलणे आजच ऐकू आले, 'म्हातारी दुसऱ्या जंगलात गेली हो!' ते दुसरे जंगल कुठले, हेही त्याला त्याच क्षणी कळले. मान वर करून, कधी न वापरलेल्या बारीक आवाजात ते ओरडले, "कुऽक्!"

वानरीने जागी होऊन शेंड्याकडे झेप घेतली आणि तीही खाकरून ओरडली. मग मोरांना राहवेना. बघता बघता सारे रान दणाणले. मुलांनो, बिबट्याचे सगळे बळ त्याच्या लपण्यात असते. सगळ्यांनी पाहिलेला बिबट्या उपाशी राहतो. तो मुकाट्याने उतरला आणि गवतात दिसेनासा झाला.

कोल्हा धावत आला. "कोण ओरडलं? कोणाचं पाणी बंद करू?"

एक म्हातारा ससा डोळे मिचकावत म्हणाला, "छे हो, कोल्हेभाऊ! आपल्या जंगलात कोण ओरडणार? दुसऱ्या जंगलात ओरडले असतील." सगळे खो खो हसले. एकाचे पाणी तोडता येते, साऱ्या रानाचे कसे तोडणार? कोल्ह्याने मागे वळून राजाला शोधले. राजा नव्हता. कोल्हाही शेपूट घालून निघून गेला.

सांज झाली. वानरी झाडावरून उतरली आणि पाडसाला कुशीत घेऊन बसली.

"आजी, आई आता येणार नाही ना?"

"नाही रे, सोन्या."

पाडस रडले. पोटभर, मोठ्याने रडले. आणि त्या जंगलात कोणीही त्याला 'गप्प बस' म्हटले नाही.

तात्पर्य : परक्या जंगलातल्या जुलमाची गोष्ट ऐकून हळहळणे सोपे असते. ती आपल्याच जंगलाची आहे हे ओळखून जो वेळेवर आवाज देतो, तोच आपल्या जिवलगांना वाचवतो.