पोथी खाल्लेली शेळी

फार जुनी गोष्ट आहे. टेकडीवरच्या देवळात पुजाऱ्याने उन्हात ठेवलेली पोथी बांडी नावाच्या शेळीने चवीने खाल्ली आणि त्या दिवसापासून ती विदुषी झाली.

"देव कसा, कुठे, सगळं माझ्या पोटात आहे," असं ती रवंथ करत सांगायची. देवापुढे मान लववणं तिने सोडूनच दिलं. म्हातारी म्हैस भागा दारात नमस्कार करू लागली, की बांडी म्हणे, "मावशी, ज्याला माहीत नाही त्यानं वाकावं."

पुढे बांडी व्याली. ओलं करडू धडपडत उभं राहिलं आणि थेट आचळाला लागलं.

"याला दूध कुठे असतं ते कुणी गं सांगितलं?" भागाने कौतुकाने विचारलं. "आणि एवढाले डोळे कधी घडले? तुला ठाऊकच असेल, तुझ्याच पोटात चाललं होतं!"

बांडीने करडाला हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि तिचे डोळे भरून आले.

"मावशी, मला खरंच नाही गं माहीत."

मग गाभाऱ्याकडे वळून तिने मान पार जमिनीला टेकवली.

"देवा, पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. "या वेळी नुसती ऐकते, खात नाही."