कौसाबाईंची सभा

बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांसाठी मुतारी नव्हती. नगरसेविका कौसाबाई घुले दर सभेत ती मागत. त्यांचा विषय निघाला की नगराध्यक्ष खराडे आपल्या माणसांना सभेतून उठवून बाहेर पाठवत आणि हसत म्हणत, "गणपूर्ती नाही, बाई. सभा तहकूब!"

तहकूब झालेली सभा पुन्हा भरली, तर तिला गणपूर्ती लागत नाही. हा नियम बाईंनी शोधून काढला. अशा सभेला कुणी फिरकत नसे. या वेळी बाई एकट्याच गेल्या, अध्यक्षांच्या खुर्चीवर बसल्या. कारकुनानं इतिवृत्तात लिहिलं, 'मुतारी सर्वानुमते मंजूर.'

ते वाचून खराडे कडाडले, "सर्वानुमते? अहो, सभेला तुम्ही एकट्याच होता!"

"होते ना, साहेब. पण माझ्यात फूट नाही पडली."