पहिली भाकरी वाटसरूची

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे, बाळांनो, आणि मोठ्यांनीही ऐकावी अशी आहे.

घाटमाथ्यावर एक लहानसं गाव होतं. गावाच्या टोकाला, जिथे चढ संपतो तिथे, एका बाईचं घर होतं. ती लग्न होऊन आली त्याच दिवशी सासूने तिला वसा दिला होता, "संध्याकाळची पहिली भाकरी वाटसरूची. ती दिल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही."

बाईने तो वसा मनोभावे पाळला. दिवस कलला की ती चूल पेटवायची. नाचणीच्या भाकरीचा वास उतारापर्यंत जायचा. खालून बैलांच्या घुंगरांचा आवाज यायचा, मग दमलेली माणसं दिसायची. "टेका जरा," ती म्हणायची, आणि गरम भाकरीवर लसणाचं तिखट घालून हातावर ठेवायची. तिचं खरं नाव लोक विसरूनच गेले होते. सगळे तिला वाटेवरची काकू म्हणत.

एका वर्षी परचक्र आलं. गाव जळलं. लोक अंगावरच्या कपड्यांनिशी घाट उतरले आणि नदीकाठच्या एका राज्यात आले. तिथला राजा भला होता. त्याने दवंडी पिटली, "ज्याच्या घरी जागा आहे, त्याने एक पाहुणा ठेवावा, आणि पाहुण्याला कसले कष्ट पडू देऊ नयेत."

काकू एका कुंभारणीकडे आली. कुंभारीण एकटी होती, जिभेची फटकळ, पण मनाची लोण्यासारखी. काकूने झाडू उचलला की ती काढून घ्यायची. चुलीजवळ गेली की म्हणायची, "राजाचा हुकूम आहे, बाई. पाय लांब करून बसा. आयुष्यभर राबलात, आता खा."

पण काकूला खाणं जाईना. चार घास झाले की ती ताट सरकवायची. दिवस कलला की दारात बसून समोरच्या सपाट वाटेकडे बघत राहायची. तिथे ना चढ होता, ना घुंगरं. हळूहळू तिचे गाल बसले, आवाज बारीक झाला. एक दिवस ती उठून उभी राहिली आणि भिंत धरूनच खाली बसली.

कुंभारीण घाबरली. "माझ्या हाताला चव नाही म्हणावं तर शेजारीण माझं कालवण मागायला वाटी घेऊन येते," ती म्हणाली. "मग हिला झालंय तरी काय?"

म्हातारे वैद्यबुवा आले. त्यांनी नाडी पाहिली, काढा दिला. काढा संपला तरी फरक पडला नाही. दुसरा काढा दिला, तोही वाया गेला. तिसऱ्या खेपेला बुवा दिवस मावळताना आले. त्यांनी औषधाची पिशवी उघडलीच नाही. ओट्यावर बसून ते म्हणाले, "काकू, तिकडे या वेळी तुम्ही काय करत असायचात?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. काय गमावलं, कोण गेलं, हे सगळ्यांनी विचारलं होतं. काकू थांबत थांबत बोलू लागली. चूल, उतार, घुंगरं, सासूचा शब्द. मडकं थापणाऱ्या कुंभारणीचा हात थांबला.

"पहिला घास दुसऱ्याला दिल्याशिवाय माझ्या घशाखाली उतरत नाही," काकू म्हणाली. "आता मीच दुसऱ्याच्या दारात बसलेय. मी कुणाला काय देऊ?"

वैद्यबुवांनी कपाळाचा घाम पुसला. "मी सकाळपासून गावोगाव हिंडतोय. पोटात अन्न नाही. वाटसरू म्हणून एवढं चालेल ना?"

"पण चूल यांची, पीठ यांचं."

कुंभारणीने मातीचे हात धुतले, पिठाची परात काकूपुढे ठेवली आणि स्वतः दारात पाय लांब करून बसली. "मेलं माझंच चुकलं. पाहुणीला बसवून बसवून आजारी पाडलं. उठा आता. आज मी पाहुणी."

काकू भिंत धरून उठली. तांदळाच्या पिठाची तिच्या हाताला सवय नव्हती. पहिली भाकरी तव्यावर टाकताना तडकली. ती तशीच तिने बुवांच्या हातावर ठेवली. "टेका जरा," ती हलकेच म्हणाली.

"वाकडी आहे," बुवा खाता खाता म्हणाले.

"गरम आहे ना?" काकू म्हणाली, आणि किती तरी दिवसांनी हसली. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली.

पुढे काकूने नदीच्या उतारावर झोपडी बांधली. परमुलखातून घरदार सुटलेल्या लोकांच्या होड्या अजून येतच होत्या. होडीतून उतरणाऱ्याला ती पहिली भाकरी द्यायची आणि शेजारी बसून विचारायची, "तिकडे या वेळी तुम्ही काय करत असायचात?" कुणी म्हणे टोपल्या विणायचो, कुणी म्हणे देवळात सांजवात लावायची. मग कुंभारीण गावभर फिरून कुणासाठी वेत आणायची, कुणासाठी पणती.

घाटमाथा काकूच्या मनातून गेला नाही. कुठे घुंगरं वाजली की तिचे डोळे अजून भरून यायचे. पण एके दिवशी होडीतली एक लेकुरवाळी बाई नावाड्याला म्हणाली, "ती वाटेवरची काकू कुठे राहते?" तव्यावरची भाकरी उलटता उलटता काकूने ते ऐकलं, आणि भाकरी टम्म फुगली.

जशी त्या काकूला तिची संध्याकाळ परत मिळाली, तशी घरापासून तुटलेल्या सगळ्यांना मिळो.

बोध : निराधाराला आसरा आणि अन्न द्यावंच, पण त्याच्या हातांना देण्याची जागाही द्यावी, कारण माणूस त्यानेच पुन्हा उभा राहतो.