दोन पागोट्यांचा शिपाई

एका राज्यात भाऊ दोन आणि गादी एक. मग काय, जुंपली लढाई! थोरल्याच्या शिपायांना तांबडी पागोटी, धाकट्याच्या शिपायांना पिवळी. भाषा एक, भाकरी एक, तरी डोक्यावरचा रंग बघून माणूस माणसाला कापू लागला.

हैबती पाथरवट थोरल्याकडून लढत होता. एका लढाईत त्याची सगळी तुकडी कापली गेली आणि तो एकटाच उरला. घर चार दिवसांच्या वाटेवर. पण गडी मोठा हुशार! मेलेल्या शत्रूचं पिवळं पागोटं त्यानं उचललं. तांबडे भेटले की तांबडं बांधायचं, पिवळे भेटले की पिवळं.

"कुणाचा रे तू?"

"थोरल्या महाराजांचा!" पुढच्या नाक्यावर, "धाकट्या महाराजांचा!" जीव वाचला खरा.

तिसऱ्या दिवशी एका गावात सगुणा म्हातारीनं त्याला जेवू घातलं. तिनं सहज विचारलं, "बाळा, तू कोण रे?" हैबतीचा हात पागोट्याकडे गेला. म्हातारीच्या डोक्यावर तर कुठलाच रंग नव्हता! आता कुठलं पागोटं दाखवायचं? त्याची त्यालाच लाज वाटली. भाकरीही भरड लागत होती.

"आजी, जात्याला टाकी लावून किती दिवस झाले?"

"टाकी लावणारे सगळे लढायला गेले की रे!"

हैबती उठला. दोन्ही पागोटी त्यानं चुलीत घातली. म्हातारीनं माळ्यावरून छिन्नी-हातोडी काढून दिली आणि तो जात्याच्या गुळगुळीत झालेल्या दगडांना टाकी लावून ते खरबरीत करायला बसला.

एवढ्यात पिवळ्यांची तुकडी दारात आली. नाईकानं तलवार उपसली. "डोकं बोडकं? कुणाचा तू?"

'धाकट्यांचा' म्हटलं की सुटका होती. पण हैबती ताठ उभा राहिला.

"मी हैबती पाथरवट. मारायचं तर मारा. पण शत्रू मारला म्हणू नका, हैबती पाथरवट मारला म्हणा."

नाईक थबकला. त्यानं पुष्कळ तांबडे मारले होते, पण नाव एकाचंही ठाऊक नव्हतं. आता नाव कळलं आणि हात उचलेना. त्यानं तलवार म्यान केली.

"जा बाबा, आपल्या घरी जा."

"जातो," हैबती खाली बसत म्हणाला, "पण आधी एवढं जातं पुरं करतो."

तात्पर्य: दुसऱ्याचा रंग पांघरून जीव वाचेल, पण माणूस म्हणून उभं राहायचं तर आपलंच नाव सांगावं लागतं.