सगळ्यांत संथ मुलगी

"पण सर, वैजूला काढू की नको, एवढंच सांगा ना!"

लोणारे सर वाकून बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मृदुला काळबांडे त्यांची जुनी खेळाडू. आता नागपूरच्या एका कॉलेजात मुलींच्या बास्केटबॉल संघाची प्रशिक्षक. बाहेरगावी शिकून आली, ती खेळाची एक पद्धत घेऊनच. चेंडू हाती लागला की पाचही जणींनी समोरच्या बास्केटकडे सुसाट सुटायचं, समोरच्यांना सावरायला वेळच द्यायचा नाही. विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी तिला या पद्धतीत चपखल बसणाऱ्या मुलीच हव्या होत्या. तशा मिळाल्याही. अडचण एकटीची होती.

वैजयंती उईके. देवरीकडची. संघात सगळ्यांत उंच, आणि सगळ्यांत संथ. बाकीच्या पलीकडे पोचायच्या तेव्हा ही अजून मधली रेघ ओलांडत असायची.

संघातून नाव गेलं की खेळाडू म्हणून मिळालेली वसतिगृहातली जागाही जाणार. मग शिक्षण सोडून परत गावी. हे मृदुलाला ठाऊक होतं. आठवडाभर तिला अन्न गोड लागत नव्हतं. तरी तिनं आज वैजूला निरोप दिला होता : सराव संपला की भेट.

"पद्धतीत बसतच नाही ती, सर. मी तरी काय करू?"

"पद्धत कुणाची?"

"माझी."

"आणि खेळणार कोण?"



कोर्टावर सरावाचा सामना सुरू झाला. सर उठले. मृदुलाची खुर्ची धरून त्यांनी ती उलटी फिरवली, कोर्टाकडे पाठ करून.

"बस."

"सर, खेळ सुरू झालाय!"

"म्हणूनच."

मृदुलाच्या कपाळावर आठी चढली. मुली तोंड दाबून हसत होत्या, तेही तिला कळलं. पण सरांचं म्हणणं तिनं कधी मोडलं नव्हतं. ती बसली. समोर नुसती कंपाउंडची भिंत.

आधी सगळा गलकाच ऐकू आला. मग हळूहळू एकेक आवाज सुटा व्हायला लागला.

चेंडू रिंगवर आदळला. थप्पकन कुणाच्या तरी हातात बसला. त्याच क्षणी वैजूची हाक आली, "तनू, डावीकडे!" त्यानंतर बुटांचा करकराट, आणि पलीकडच्या बास्केटच्या जाळीचा सळसळाट.

पुन्हा थप्प. "रुखसार, सरळ पळ, देते मी!" पुन्हा बूट. पुन्हा जाळी.

मृदुलाच्या कपाळावरची आठी कधी गेली, तिलाच कळलं नाही.

"उईके," सरांनी आवाज दिला, "जरा पाणी पिऊन ये गं."

खेळ चालूच राहिला. चेंडू मात्र एकाच जागी धपधप आपटायला लागला. बूट पळाले, थांबले, मागे फिरले.

"कुणाकडे देऊ?"

"अगं इकडे... नाही, तिकडे!"

"अगं, कुणाकडे?"

जाळी वाजेना.

मग वैजू परत आली असावी. थप्प... हाक... आणि सगळे बूट एकदम सुटले.

मृदुला भिंतीकडे बघत राहिली. छातीवर आठवडाभर बसलेलं काहीतरी उठून निघून गेलं होतं. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. ओढणीनं डोळे पुसून ती उठली.

"वैजू!"

खेळ थांबला. वैजू आली, पण तिची पावलं जड होती. चेंडू तिनं पोटाशी घट्ट धरला होता. निरोपाचा अर्थ तिनं केव्हाच लावला होता.

"मॅडम... आत्ताच सांगता का?"

"सराव संपल्यावर भेटायला येऊ नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? रिंगवरून परतलेला चेंडू तू पकडायचास आणि तूच पुढे द्यायचास. बाकीच्या पळतील. तुला त्यांच्यामागे धावायची गरज नाही. संघात आहेस तू."

वैजू होती तिथेच कोर्टावर मटकन बसली आणि चेंडूवर कपाळ टेकवलं. तनू आणि रुखसार धावत येऊन तिच्या गळ्यात पडल्या. त्यांनाही माहीत होतं म्हणायचं.

मृदुला सरांकडे वळली. अंगात आता भलताच हुरूप आला होता.

"सर, आता सगळं नव्यानं मांडते. चेंडू वैजूकडून निघणार, मग तनू, मग रुखसार... आज रात्रीच बसून नवी पद्धत ठरवते!"

लोणारे सरांनी मुलींच्या त्या घोळक्याकडे पाहिलं.

"ती कधीच ठरलीय," ते म्हणाले. "तुला कळवायचं राहिलं असेल."