सात अंबिकाबाईंची माहेरं

कनकवडीच्या महिपतराव महाराजांपुढे तळघाटकरांचा खलिता येऊन पडला आणि दरबाराची दुपार नासली.

तळघाटच्या युवराजांना कनकवडीच्या ताईसाहेब पसंत होत्या, ताईसाहेबांना युवराज पसंत होते, मांडवाचे बांबूसुद्धा येऊन पडले होते. पण तळघाटकरांच्या उपाध्यायांनी ऐन वेळी घोडं अडवलं. नात्यात नातं नको, म्हणून तुमच्या घराण्यातल्या मागच्या सात राण्या मूळच्या कोणाच्या लेकी, गाव कोणतं, माहेरचं नाव काय, ते कळवा. मगच सुपारी फुटेल.

"एवढंच ना?" महाराज म्हणाले. "विसाजीपंत, वंशावळ काढा."

विसाजीपंत दफ्तरदारांनी वंशावळ उलगडली. बावीस हात लांब, कडेला सोनेरी वेलबुट्टी. तीत महाराजांचे पूर्वज होते, पूर्वजांचे भाऊ होते, त्यांचे घोडे नावानिशी होते, एका हत्तीची तर जन्मतिथीही होती. मागच्या राण्यांच्या रकान्यात मात्र सात वेळा एकच नाव होतं, अंबिकाबाई.

घराण्याची रीतच तशी. नवी सून उंबरा ओलांडून आली की ताटात तांदूळ पसरायचे, नवरदेवानं सोन्याच्या अंगठीनं त्यात 'अंबिका' लिहायचं, की माहेरचं नाव संपलं. कुलदेवी अंबिका, म्हणून सूनही अंबिका. आता यातली कोणती कोणाची, हे त्या देवीलाच ठाऊक.

"पंत, बाकीच्या राहू द्या. आमच्या मातोश्रींचं तरी माहेरचं नाव सांगा."

"ते तर महाराजांनाच ठाऊक असणार."

महाराजांना खोकला आला. मामांच्या गावी त्यांनी दहा उन्हाळे आंबे खाल्ले होते. आईला तिथं काय हाक मारतात, एवढं लक्षात ठेवायचं तेवढं राहून गेलं होतं.

"गुरुवारपर्यंत हे निस्तरा," ते खेकसले. "लग्न मोडलं, तर तुमचं या गावातलं अन्नपाणीही संपलं."

पंतांनी दोन दिवस पेट्या उपसल्या. घोड्यांची नावं आणखी सापडली. सोमवारी ते तहानेनं मुदपाकखान्याच्या पायरीवर येऊन बसले, तेव्हा तिथं साळू भांडी घासत होती. वीस वर्षं तिचं तेच काम. पंतांचा चेहरा बघून तिनं विचारलं आणि पंतांनी सगळं सांगून टाकलं.

"सात जणी व्हय?" साळू म्हणाली. "रोज हातात असत्यात की माज्या. म्हाराजास्नी हितं घेऊन या."

"महाराज? मुदपाकखान्यात?"

"मग काय फळ्या उचलून दरबारात आणू?"

महाराज आले, नाकाला रुमाल लावून. साळूनं आताच्या राणीसाहेबांच्या फळीखालची परात काढली. "ही सगुणेची परात."

"हे नाव ऐकल्यासारखं वाटतंय."

"वाटंलच. सगुणेच्या परातीत कणीक मळा, चंद्रेच्या घंगाळात पानी काढा, हितं रोज चालतंया. सगुणा कोन, ह्ये कुणी इचारलं न्हाई."

पंतांनी परातीच्या काठावर बोट फिरवलं. अक्षरं झिजली होती, पण होती. 'चि. सगुणा, बाप रंगराव, मौजे निंबवडी.'

"ही तुमची आई," साळू म्हणाली. "लेकीला धाडताना बाप भांड्यावर नाव घालतो. हितं आल्यावर तांदळात बदललं. तांदूळ सांजच्याला शिजलं, म्हाराज. पितळ कुठं शिजतंया?"

महाराजांनी रुमाल काढला. परात हातात घेऊन ते बराच वेळ ते नाव वाचत राहिले. त्यांना स्वतःची लाज वाटली.

नवी सून आली की तिची भांडी वरच्या फळीवर आणि आदल्या सगळ्यांची एकेक फळी खाली, ही तिथली जुनी शिस्त. त्यामुळे पिढ्या आपोआप लागल्या होत्या. राणीसाहेबांच्या फळीखाली सहा फळ्या, सहा नावं. सातवी, मूळपुरुषाची राणी, हिची फळीच नव्हती. जमिनीवर एक पाटा होता. साळूनं त्याच्यावर पाणी ओतलं. 'हौसा, भिकू पाथरवटाची लेक, गाव धामणी.'

पंतांच्या हातातला बोरू थांबला. वंशावळीत मूळपुरुष थेट सूर्यापासून निघालेले होते.

"तांब्यापितळेची ऐपत नव्हती," साळू म्हणाली. "बापानं हातानं पाटा घडवला. तुमच्या चटण्या त्याच्यावरच वाटत्यात."

"हे तळघाटला गेलं तर लग्न मोडलंच समजा!" महाराज म्हणाले. "सहा पाठवली तर अपुरी, सात पाठवली तर अब्रू गेली. पोरीला काय सांगू आता?"

"सातांत तळघाटची एकबी न्हाई, म्हंजी नात्याचा घोर मिटला. आता एकबी नाव पाठवू नका."

"मग?"

"त्यास्नी लिवा, सोयरीक बरोबरीत हाय, तवा आधी तुमच्या सात जणींची नावं धाडा. म्हाराज, त्यांच्याकडं बी ताटात तांदूळच पसरत्यात."

महाराजांनी तिथंच पंतांना मजकूर सांगितला.

गुरुवारी तळघाटकरांचं उत्तर आलं. पंतांनी भर दरबारात वाचलं. 'बायकांच्या माहेरांच्या चौकश्या करण्याची आमच्या घराण्यात मुळीच रीत नाही. आपल्याकडेही ती नसावी, अशी अपेक्षा. सुपारी फोडावी.'

महाराज इतके हसले की पागोटं मांडीवर आलं. हसू ओसरल्यावर त्यांनी सातही नावं वंशावळीत घालायला सांगितली, पाटेवाल्या हौसेसकट. मग साळूला बोलावलं. "माग काय हवं ते."

"माज्या नावाचं एक घंगाळ द्या."

"दिलं. पंत, तांबटाला सांगा, साळू असं नाव..."

"साळू नगं. त्ये सासूनं ठिवलेलं. खरकटं पडलं की त्याच नावानं हाका येत्यात. भिवरा घाला. आई गेल्यापास्नं त्या नावानं मला कुणी हाक मारली न्हाई."

"भिवरा," महाराजांनी हाक मारली. "आणखी काही?"

"व्हय. त्ये घासाया दुसरी बाई ठेवा."

महाराजांचं पागोटं पुन्हा मांडीवर आलं. दुसरी बाई त्याच दिवशी ठेवली गेली.